कराचा फोन

पहाटेपासून धुकं होतं. थंडी दात वाजावेत इतकी नव्हती, पण ओल अशी की खुंटीवर रात्रभर टांगलेला कोट सकाळी अंगात घातला तरी कुणीतरी आधीच घालून घाम गाळल्यासारखा वाटावा. समोरच्या टायरच्या दुकानाची पाटी धुक्यात अर्धीच दिसत होती. पूर्ण दिसली असती तरी बाईंना ती वाचता आली नसती. या देशात येऊन कैक वर्षं झाली होती. भाजीवाल्याशी भाव करण्यापुरती इथली भाषा त्यांच्या जिभेवर बसली होती, अक्षरांशी मात्र ओळख झाली नव्हती ती नव्हतीच.

बाईंनी वर्गाचं कुलूप काढलं, हीटरचं बटण दाबलं आणि पिशवीतून जुना मोजा काढून फळा पुसला. मोजा हा बाईंचा स्वतःचा शोध. संस्थेनं दिलेलं डस्टर शाई पुसायचं नाही, नुसती पसरवायचं. पुढाऱ्यानं तंटा मिटवावा तसं. मोज्यात हात घातला की फळा दोन फटक्यांत लख्ख. मग त्यांनी खुर्च्या अर्धगोलात ओढल्या, मोडक्या पायाची खुर्ची भिंतीला टेकवली आणि छोटा स्पीकर टेबलावर ठेवला.

सकाळची तुकडी म्हणजे रात्रपाळी उतरलेल्या चार परिचारिका, हॉटेलचा दरवान आणि बंदरावर क्रेन चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ. सगळ्यांना इंग्रजीची परीक्षा देऊन आणखी कुठल्यातरी तिसऱ्या देशात जायचं होतं. बाई स्वतः परदेशात बसून दुसऱ्यांना परदेशी पाठवायचं काम करत होत्या, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. नावाडी काठावर राहतो म्हणून कुणी त्याला हसत नाही.

ऐकण्याच्या तासाची बाईंची एक पद्धत होती. ध्वनिफीत पहिल्यांदा लावली की कुणी पेन्सिलीला हात लावायचा नाही. फक्त एक प्रश्न असायचा: बोलणारा माणूस कुठे उभा आहे? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, अशी क्रेनवाल्याची जुनी तक्रार होती. बाईंचं म्हणणं असं की शब्द काय, कुणालाही ऐकू येतात; माणूस कुठे उभा राहून बोलतोय ते कळलं की तो का बोलतोय ते कळतं. त्या दिवशीच्या फितीत एक पुरुष बायकोला फोनवर सांगत होता की ऑफिसात काम फार आहे, यायला उशीर होईल. मागे चमचे किणकिणत होते आणि कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. क्रेनवाल्यानं वहीत "ऑफिस" लिहिलं. सगळ्यात थकलेली परिचारिका, जिचे डोळे मिटायला आले होते, ती तशीच मिटल्या डोळ्यांनी म्हणाली की हा मेला खोटं बोलतोय. वर्ग हसला. क्रेनवाल्यानं निमूटपणे शब्द खोडला.

तास संपला आणि दुपारच्या तुकडीपर्यंत बाई मोकळ्या झाल्या. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉप उघडला. मायदेशाचा आयकर भरायची उशिराची, डिसेंबरअखेरची मुदत संपत आली होती.

शिक्षकांची खोली म्हणजे एक टेबल, एक किटली आणि पाच देशांची पाच माणसं. प्रत्येकाच्या देशाचं करवर्ष वेगळं. जसा एकेकाला एकेका ऋतूत पडसं होतं, तसा इथे एकेकाला एकेका महिन्यात कर व्हायचा. मग तो माणूस चार दिवस चिडचिडा, डोळे लाल, कुणाशी धड बोलायचा नाही. बाकीचे त्याला चहा करून द्यायचे. दाढीला, म्हणजे व्याकरण शिकवणाऱ्या सहकाऱ्याला, तो गेल्या ऋतूत होऊन गेला होता. घरच्यांनी आपला वाढदिवस लक्षात ठेवणं सोडलं, आयकर खात्यानं अजून आशा सोडलेली नाही, असं तो म्हणायचा. या महिन्यात पाळी बाईंची होती. दाढीनं किटली भरली आणि काही न बोलता बाजूला झाला.

बाईंचा कर तसा फुटकळ. वडिलांनी जाताना घर त्यांच्या नावावर केलं होतं. मुलाचं लग्न झालं होतं, त्याचा मोठ्या शहरात फ्लॅट होता. मुलीचं लग्न झालं नव्हतं, तेव्हा तिला निदान छप्पर असावं, असा त्यांचा हिशेब. छप्पर मिळालं आणि मुलगी दुसऱ्याच छपराखाली जाऊन बसली. घरात वर आई एकटी राहायची. खाली रस्त्याच्या अंगाला एक गाळा होता, त्यात टेलर शाळेचे गणवेश शिवायचा. गाळ्याचं भाडं आणि वडिलांच्या ठेवींचं व्याज बाईंच्या नावावर जमा व्हायचं. बाई अनिवासी, म्हणून बँक आधीच करकचून कापून घ्यायची. ते परत मागायचं तर विवरणपत्र भरणं आलं. पगारावरचा कर इकडचं सरकार घेई तो वेगळाच. आईला हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती सगळं ऐकून म्हणाली होती, "तिथले तिथे कापतात, इथले इथे कापतात. दोन न्हाव्यांच्या मधे सापडलंय डोकं तुझं, साळू."

साळू हे बाईंचं घरचं नाव. लहानपणी दिवसभर साळुंकीसारखी टकळी चालायची म्हणून.

विवरणपत्र भरताना ओटीपी लागायचा. एकदा आत शिरताना, एकदा शेवटी सही म्हणून. तो यायचा बाईंच्या जुन्या नंबरावर, आणि त्या नंबराचा फोन आईच्या कपाटात होता. आई तो वर्षभर जित्याजागत्या जनावरासारखा पोसायची. चार्ज करायची, पुसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. माझ्या हातून गेल्याशिवाय सरकार हिला ओळखत नाही, असं ती शेजारणीला सांगायची. वास्तविक ओटीपी ई-मेलवर मागवायची सोयही होती. बाईंना ती दुसऱ्याच वर्षी सापडली होती. त्यांनी ती आईला सांगितली नाही आणि स्वतःही वापरली नाही.

या वर्षी मात्र त्या ओटीपीवर आणखी एक ओझं येऊन बसलं होतं.

आदल्या दिवशी भावाचा फोन आला होता. तो मागच्या आठवड्यात आईकडे जाऊन आला. आई गच्चीत दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाला "या, बसा" म्हणाली, हे त्यानं न हसता सांगितलं. बाई हसल्या, तेव्हा तो दुखावला. मग तो सरळ मुद्द्यावर आला. आईला दिसत नाही आणि ती कबूल करत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की गुडघ्याचं दुखणं काढते. रविवारी तो गाडी घेऊन जाणार होता. आईला आपल्या फ्लॅटवर, अकराव्या मजल्यावर आणायचं, घराला कुलूप, पुढचं पुढे बघू. त्यांच्या घरात "बघू" या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. अण्णा, म्हणजे वडील, "बघू" म्हणाले की ती गोष्ट होत नसे, आणि भाऊ "बघू" म्हणाला की ती झालेलीच असे.

बाईंनी विरोध केला तेव्हा भावानं स्वतःहूनच अट घातली.

"ताई, तू तिला कराचा नंबर विचारशीलच," तो म्हणाला. "तिनं स्वतः वाचून बरोबर सांगितला, तर मी वर्षभर तोंड उघडणार नाही. नाही सांगता आला, तर मग तिला चल म्हणून तू सांगायचं. मी सांगितलं की ती माझ्या बायकोला नावं ठेवते."

बाईंनी हो म्हटलं. अट रास्त होती. आणि भावाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या वहिनीच्या कानावर ती गेली, म्हणजे आईच्या कानावरही गेली असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं.

इथे सकाळ होती तेव्हा तिकडे दुपार. आईनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"आली का कराची वेळ? मी तुझा तो फोन हातातच धरून बसलेय. बोल."

ख्यालीखुशाली झाली. आईनं शेजारणीच्या सुनेची बातमी सांगितली, गुडघ्याची सांगितली, डोळ्यांचा विषय निघाला नाही. बाईंनी संकेतस्थळावर पासवर्ड घातला आणि पहिला ओटीपी मागवला. मागे कुठेतरी खडखड चालली होती, ती थांबली. मग आईनं सहाही आकडे एका दमात सांगितले.

बाईंनी ते घातले. संकेतस्थळाचं दार उघडलं. बरोबर होते.

आकडे बरोबर होते म्हणून बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण दरवर्षीचा ओटीपी असा येत नसे. दरवर्षी आधी चष्मा सापडत नसे. मग चष्म्याची काडी कानामागे बसत नसे. मग आई दोन आकडे सांगून थांबायची, हा तीन आहे की आठ म्हणून स्वतःशीच वाद घालायची, आणि सरकारला मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं, असं विचारायची. या वर्षी चष्म्याचं नावही निघालं नाही. अशी मुलं बाईंच्या दुपारच्या वर्गात पुष्कळ होती. धडा पाठ करून यायची आणि पुस्तक समोर धरून घडाघडा वाचायची. पान उलटायचं मात्र विसरायची.

बाईंनी पुढचं काम सुरू केलं. भाड्याचा रकाना, व्याजाचा रकाना, बँकेनं कापलेल्याचा रकाना. आई ऐकत होती. मधेच तिनं विचारलं की भाऊ रविवारी येतोय हे तुला माहीत आहे का. बाई म्हणाल्या, आहे. आई म्हणाली, बरं. मागे खडखड पुन्हा सुरू झाली होती. लय ओळखीची होती: लांब धाव, छोटी धाव, थांबणं, मग पुन्हा लांब धाव. बाही, बगल, बाही.

सगळे रकाने भरून झाल्यावर बाईंनी शेवटचा ओटीपी मागवला. खडखड थांबली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा साफ करायला गेलं आणि अर्ध्यात थांबलं. मग आईचा आवाज, स्वच्छ, एका दमात, सहा आकडे.

बाईंनी ते टाइप केले. आता फक्त बटण दाबायचं होतं. बटण दाबलं की विवरणपत्र गेलं, अट पुरी झाली, रविवारची गाडी रिकामी परत गेली. नंबर आईच्या तोंडून आला होता आणि बरोबर होता, एवढं भावाला सांगितलं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांनी बटणावरचं बोट काढलं.

"आई," त्या म्हणाल्या, "तू कुठे उभी आहेस?"

"घरात. आणखी कुठे असणार?"

"घरात शिलाई मशीन कधी घेतलंस?"

मग एकदम मशीन सुरू झालं, भरधाव. सुईखाली कापड नसलं की मशीनचा आवाज पोकळ येतो. टेलर गडबडून नुसताच पाय मारत होता.

"थांबवा हो ते, टेलरदादा," आई म्हणाली. "कळलंय तिला. उगाच हवा कशाला शिवताय?"

मशीन थांबलं. टेलरचा आवाज आला, जरा लांबून, पण ऐकू जाईल असा. "ताई, मी नुसतं पुटपुटलो. बोलायचं काम आईंनीच केलं."

टेलरचा यात काही स्वार्थ नव्हता असं नाही. वर आई असेपर्यंत खाली दुकान होतं. कुलूप लागलं की आज ना उद्या त्याला मशीन उचलावं लागणार, हे त्याला गणवेशाच्या मापाइतकं पक्कं माहीत होतं. पण गेल्या वर्षीचा ओटीपीही त्यानंच वाचला होता, आणि तेव्हा कुठली अट नव्हती. हे आता आईनंच सांगितलं. गेल्या वर्षी तिनं मधेमधे थांबून, चष्म्याचं नाटक करून सांगितला होता. या वर्षी अटीचं ऐकून धास्तावली आणि नाटक करायचं राहून गेलं.

मग तिनं बाकीचंही सांगितलं. रडगाणं गायली नाही. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. माणसं दिसतात. चालीवरून कळतात, आवाजावरून कळतात. अक्षरं मात्र मुंग्यांसारखी पळतात, एकावर नजर रोवावी तोवर ते दुसरीकडे गेलेलं असतं. गोळ्यांच्या पाकिटांना टेलरनं वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून दिले आहेत. पांढरा सकाळचा, काळा रात्रीचा. शर्टाचं म्हणशील तर तो शर्ट शेजारच्यांचा होता आणि अगदी शेजाऱ्यासारखाच उभा होता.

"मग डोळे दाखवत का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"दाखवले आणि तो म्हणाला की आता काही होत नाही, तर? मग तुम्हाला कागदच मिळाला हातात."

बाईंची नजर स्क्रीनवर गेली. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं चाललं होतं. ओटीपीला आयुष्य थोडंच असतं.

"हे बघ साळू," आई म्हणाली. "या घरात मला डोळे लागत नाहीत. जिन्याची कुठली पायरी हलते ते पायाला माहीत आहे. नळ, बटण, कडी, सगळं हाताला माहीत आहे. त्याच्या अकराव्या मजल्यावर मला नळसुद्धा शोधावा लागेल. इथे मला कमी दिसतं. तिथे नेलंत की मी आंधळी होईन."

बाईंनी म्हणून पाहिलं की दुसऱ्याच्या डोळ्यांवर किती दिवस काढशील.

"तू किती काढलेस?" आईनं विचारलं. "तुझं विजेचं बिल कोण वाचतं? ती लाँड्रीवालीच ना? तूच हसत सांगितलंस मला, की पाण्याची नोटीस घेऊन धावत गेलीस आणि ती गालिचे धुण्याची जाहिरात निघाली. इतकी वर्षं तिथली अक्षरं ओळखत नाहीस तू. तुला कुणी गाडी घेऊन न्यायला आलं का?"

स्क्रीनवर लाल अक्षरं आली. ओटीपीची मुदत संपली होती.

किटलीजवळ दाढी उभा होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण तो कपात चमचा न हलवता तसाच उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो ढवळायला लागला.

"आई, नंबर मेला," बाई म्हणाल्या. "दुसरा मागवते."

"मागव. वाचा हो टेलरदादा, मोठ्यानं वाचा आता. लपवायचं काय राहिलंय?"

टेलरनं आकडे वाचले, शाळेत उभं राहून पाढे म्हणावेत तसे. आईनं प्रत्येक आकडा त्याच्यामागून पुन्हा सांगितला. तशी गरज नव्हती. बाईंना टेलरचं ऐकू येत होतं. त्यांनी घाई केली नाही. आईनं सहावा आकडा सांगितल्यावरच त्यांनी तो घातला आणि बटण दाबलं. विवरणपत्र पोचल्याची हिरवी खूण आली.

"पोचलं का?"

"पोचलं."

"मग त्याला काय सांगणार आहेस?"

"झालं ते."

आई म्हणाली, सांग, आणि फोन ठेवला.

बाईंनी दुसरा चहा केला, प्यायला नाही. त्यांनी भावाला फोन लावला. त्यानं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं की वाचला का तिनं. बाई म्हणाल्या, नंबर बरोबर आला, वाचला टेलरनं. भावानं सुस्कारा सोडला. जिंकल्यासारखा नव्हता तो. खांद्यावरचं पोतं खाली ठेवल्यासारखा होता. म्हणजे मी म्हणत होतो तेच, तो म्हणाला. मग आता तू सांग तिला.

बाईंनी सांगितलं की त्या सांगणार नाहीत. अट होती आणि ती मोडली, हे त्यांनी कबूल केलं. पण अटच चुकीच्या गोष्टीची होती. तिला अक्षरं दिसत नाहीत. घर दिसतं. त्यांनी हलणाऱ्या पायरीचं सांगितलं, दोऱ्यांचं सांगितलं, अकराव्या मजल्यावरच्या नळाचं सांगितलं. लाँड्रीवालीचंही सांगितलं, कारण मुद्दा आईचा होता आणि तो लपवणं बरं नव्हतं.

"उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं, ताई," भाऊ म्हणाला. "पडली बिडली तर रात्री फोन मला येणार. तुला नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "तुलाच येणार. तूही अकराव्या मजल्यावरच असशील तेव्हा."

यावर तो हसला, नको असताना. मग दोघं पुष्कळ वेळ बोलले. भांडले नाहीत. लहानपणी एकच सायकल वाटून घेताना बोलायचे तसं, कुरकुरत. रविवारी गाडी जाणारच होती, पण ती डोळ्यांच्या दवाखान्यात जाणार. डॉक्टर काय म्हणतो ते बाईंसमोर, फोन चालू ठेवून ऐकायचं. जिन्याला कठडा बसवायचा, खर्च बाईंचा. आणि उन्हाळी तुकडी न घेता बाईंनी सुट्टीत घरी येऊन राहायचं, चार दिवस नव्हे, चांगलं महिनाभर, उंटावरून उतरायचं. उन्हाळी तुकडीचे पैसे बाईंना लागत होते. त्या म्हणाल्या, येते. डॉक्टरनं काही होत नाही म्हटलं तर काय, हे भावानं विचारलं.

शेवटी भावाला एक गोष्ट आठवली. निदान तो ओटीपीचा नंबर तरी बदलून टाक, तो म्हणाला, म्हणजे दरवर्षी टेलरच्या नाकदुऱ्या काढायला नकोत. परदेशात असलं की ई-मेलवरही मिळतो म्हणे.

"बघू," बाई म्हणाल्या.

"अण्णांसारखं बघू की माझ्यासारखं?" भावानं विचारलं.

"अण्णांसारखं."

दाढी केव्हाच तासाला निघून गेला होता. त्यानं जाताना बाईंचा गार चहा ओतून कप धुऊन ठेवला होता. बाहेर धुकं टायरच्या दुकानाच्या वर सरकलं होतं आणि पाटी आता पूर्ण दिसत होती. लाल रंगावर पिवळी अक्षरं, मधलं एक झिजलेलं. बाईंनी लॅपटॉप मिटला. दुपारच्या तुकडीला अजून अवकाश होता. टेबलाखालून त्यांनी मळक्या कपड्यांची पिशवी ओढली, फळ्याचा मोजा त्यात टाकला, सकाळी दाराखालून आलेला, इथल्या भाषेतला पाकिटातला कागद कोटाच्या खिशात आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि लाँड्रीकडे निघाल्या.